अजून नाही

ती बाटली शेजारच्या आजोबांच्या कपाटात, कपबशांच्या मागे उभी आहे, हे मला पाच वर्षांपासून ठाऊक होतं. ऐंशीव्या वाढदिवसाला मुलांनी वर्गणी काढून घेतलेली ग्लेनफार्क्लस व्हिस्की, चाळीस वर्षं मुरलेली. मी चहाला गेले की आजोबा साखरेसाठी कपाट उघडायचे, बाटलीचा काळसर तांबूस खांदा दिसायचा आणि दार पुन्हा लोटलं जायचं. मी कधी विचारलं नाही. असल्या वस्तूंबद्दल दुसऱ्यानं विचारायचं नसतं.

गेल्या नोव्हेंबरात एका संध्याकाळी त्यांनी भिंतीवर टकटक केली. आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे आणि टकटक म्हणजे 'ये' ही आमची जुनी खूण. स्कॉटलंडच्या या ईशान्य भागात, एल्गिनमध्ये, त्या दिवसांत चारच्या सुमारासच अंधार पडू लागतो. गेले तर टेबलावर ती बाटली, तोंडाशी निमुळते होत गेलेले दोन छोटे ग्लास, पाण्याचं भांडं आणि एक चमचा.

"आज उघडू या," ते म्हणाले.

"आज काय विशेष?"

"काही नाही. लाकडात होती तोवर ती वाढत होती. काचेत तिचं काहीच होत नाही, नुसती वाट बघत बसलीये. आणि मी किती वर्षं वाट बघायला लावणार?"

उद्या पाऊस आहे, कपडे आत घे, असं सांगावं त्या स्वरात त्यांनी हे सांगितलं.

आजोबा हे माझ्या मनातलं नाव. समोर मी इथल्या रीतीप्रमाणे त्यांना पहिल्या नावानंच हाक मारते, पण पंच्याऐंशीच्या माणसाला अरेतुरेसारखी हाक मारताना माझी जीभ अकरा वर्षांनंतरही अडखळते. म्हणून लिहिताना तरी आजोबाच. पंधराव्या वर्षी ते कूपरच्या हाताखाली उमेदवारीला लागले आणि साठीपर्यंत तेच काम केलं. कूपर हे आपल्याकडे पारशी आडनाव म्हणून माहीत. कूपर म्हणजे लाकडी पिंपं बांधणारा कारागीर, हे मला इथे येईपर्यंत कळलं नव्हतं.

त्यांनी बूच हलक्या हातानं फिरवत काढलं. प्रत्येक ग्लासात दोन-अडीच चमचे भरतील एवढीच ओतली, वर बशा झाकल्या आणि अंडी उकडताना लावतात तो टायमर चाळीस मिनिटांवर लावून टेबलावर ठेवला. वर्षाला एक मिनिट, असा त्यांचा नियम. इतकी वर्षं कोंडून राहिलेल्याला बाहेरच्या हवेशी ओळख करून घ्यायला तेवढा वेळ द्यायलाच हवा, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. लांबच्या प्रवासाहून आलेल्या माणसाला आपणही आधी पाणी देतो, मग विचारपूस करतो.

त्या चाळीस मिनिटांत आम्ही बोलत बसलो.

मी त्यांना 'मुरणं' हा शब्द सांगितला. इंग्रजीत अशा व्हिस्कीला वय झालेली म्हणतात, पिकलेली म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी जो शब्द आहे त्यात वयाचा उल्लेखही नाही. लोणचं मुरतं, मुरंबा मुरतो, पहिल्या पावसाचं पाणी जमिनीत मुरतं, गवई मुरलेला असतो. काही काळंबेरं असलं की कुठेतरी पाणी मुरतंय म्हणतो. आत जायचं, आतलं काही उचलायचं, आपलं काही तिथे ठेवायचं, हे सगळं त्या एका क्रियापदात आहे. आजोबांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. त्यांच्या तोंडात 'मु' लांबला. मग म्हणाले, "पिंपात हेच होतं. अगदी हेच."

आणि खरंच तसंच होतं. तांब्याच्या भांड्यातून उतरलेली कोरी दारू पाण्यासारखी स्वच्छ असते. साधारण साडेत्रेसष्ट टक्क्यांवर आणून ती ओकच्या पिंपात भरतात. हवेत ऊब आली की ती फुगून लाकडाच्या रंध्रांत शिरते, गारठा पडला की अंग आखडून परत येते, आणि येताना रिकाम्या हातानं येत नाही. लाकडाला काष्ठपण देणारं जे लिग्निन, त्यातून व्हॅनिला मिळतो, ओकमधल्या लॅक्टोनमधून ओल्या खोबऱ्याची आठवण येते, टॅनिनमधून तुरटपणा. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे ही नावं माझ्या ओठांवर असतात. पण वर्षाला एकदा आत, एकदा बाहेर अशा चाळीस येरझारा झाल्यावर जे होतं ते फळ्यावर लिहून दाखवता येत नाही.

मला आठवत होती ती माझ्या आजीची बरणी. आमचं गाव सांगलीजवळ. माजघराच्या वरच्या फळीवर, दादरा बांधलेली, चिनी मातीची. आत उपासाचं लिंबाचं लोणचं. लिंबू, मीठ, साखर, बाकी काही नाही. नवं असताना पिवळंजर्द असायचं. तिसऱ्या वर्षी ते मधाच्या रंगाचं झालं, सातव्या वर्षी चिंचेसारखं, आणि बारा वर्षांचं झालं तेव्हा फोड कुठली आणि रस कुठला हे कळायचं नाही, सगळं मिळून काळं, चकाकणारं, एकजीव. ते रोजच्या ताटात यायचं नाही. तापातून उठलेल्याला, तोंडाची चव गेलेल्याला बोटाच्या पेरावर मावेल एवढं मिळायचं. दर वर्षी उन्हाळ्यात आजी हात कोरडे पुसून दादरा सोडायची, नाक बरणीच्या तोंडाशी न्यायची, क्षणभर डोळे मिटायची आणि म्हणायची, "अजून नाही." मग पुन्हा गाठ. आम्ही पोरं खाली उभी असायचो. आम्हाला वाटायचं, ती आम्हाला नको म्हणते आहे. ती लोणच्याशी बोलत होती, हे फार उशिरा कळलं.

एल्गिनच्या दुसऱ्या हिवाळ्यात मी तशीच एक बरणी आजोबांना दिली होती, झाकणावर तारीख चिकटवून. जितकं जुनं तितकं चांगलं, असंही सांगितलं होतं. त्यांनी ती कधीच संपवली असेल, अशी माझी समजूत.

ग्लेनफार्क्लस आमच्यापासून गाडीनं पाऊण तासाच्या आत आहे, बेन रिनेस नावाच्या ८४० मीटर उंच डोंगराच्या पायथ्याशी. स्पे नदीच्या या खोऱ्यातल्या, स्पेसाइडमधल्या, बहुतेक डिस्टिलऱ्या, म्हणजे दारू गाळण्याचे कारखाने, आता मोठमोठ्या कंपन्यांच्या हातात आहेत. ही १८३६ सालची; १८६५ मध्ये जॉन ग्रँट नावाच्या शेतकऱ्यानं ती ५११ पौंड १९ शिलिंगांना घेतली आणि तेव्हापासून ती त्याच घराण्यात आहे. तिथली तांब्याची भांडी आजही खालून थेट आचेवर तापतात. बाकी बहुतेकांनी वाफेच्या नळ्या बसवल्या. यांनीही १९८१ मध्ये वाफेवर करून पाहिलं, पण उतरलेल्या दारूत जीव राहिला नाही म्हणून पुन्हा आचेवर आले. थेट आचेत एक धोका असतो, तळाला लागण्याचा. म्हणून भांड्याच्या आत तांब्याची साखळी सतत फिरत राहते, तळ खरवडत. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला बासुंदी आटवताना न थांबणारा आईचा उलथण्याचा हात दिसला.

पण खरी बघण्यासारखी तिथली गोदामं. दगडी भिंती, वर पाटीच्या दगडाचं छप्पर, खाली साधी मातीची जमीन आणि तिच्यावर एकावर एक अशा तीनच थरांत आडवी झोपवलेली पिंपं. आत शिरलं की आधी गारवा लागतो, मग वास. शेणानं सारवलेल्या बळदात, गूळ-ढेपा ठेवलेल्या खोलीत आणि बऱ्याच दिवसांनी उघडलेल्या देवळात जो ओलसर गोड अंधार असतो, त्याच्याच कुळातला हा वास. बाहेरच्या भिंती आणि आसपासची झाडं काजळी धरल्यासारखी काळी असतात. ती काजळी नाही. पिंपातून उडून जाणाऱ्या दारूच्या वाफेवर जगणारी बौडोइनिया नावाची बुरशी आहे. चोरून दारू गाळणाऱ्यांचा पत्ता म्हणे या काळ्या भिंतींवरून लागायचा.

आजोबा त्यांच्या कामाबद्दल बोलू लागले की हात बोलतात. डाव्या हाताचा अंगठा चपटा आहे, हातोड्याखाली दोनदा सापडलेला. पिंपात खिळा नसतो, सरस नसतो. तासलेल्या फळ्या गोल उभ्या करायच्या, आत आग पेटवून त्यांना शेक द्यायचा म्हणजे त्या वाकायला राजी होतात, आणि बाहेरून लोखंडी कडी ठोकत ठोकत खाली सरकवायची. मी म्हटलं, आमच्याकडे बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवतात ती तापवून चढवतात, मग पाणी ओततात. आजोबा म्हणाले, "मग तुमच्या सुताराला माझं काम एका दुपारी जमलं असतं." झाकणाच्या फळ्यांत बारीकशी फट राहिली तर ती बुजवायला नदीकाठच्या लव्हाळ्याची सुकलेली पात. एवढंच. चाळीस वर्षं पाचशे लिटर दारू धरून ठेवायची आणि मधे गवताची एक पात.

पिंप भरलेलं आहे की अर्धं, ठणठणीत आहे की गळकं, हे ते हातोड्याच्या एका टोल्यावर सांगायचे. माठ घेताना आपण टिचकी मारून कान देतो तसं. दारूची पिंपं बहुधा दुसऱ्या हाताची असतात. अमेरिकेत बर्बनला, म्हणजे तिथल्या मक्याच्या व्हिस्कीला, दर वेळी नवंकोरं जाळलेलं पिंप लागतं असा कायदाच आहे, तेव्हा तिथली एकदा वापरलेली पिंपं सुटी होऊन इकडे येतात. ग्लेनफार्क्लसचा ओढा मात्र स्पेनकडे, शेरी नावाची तिथली वाइन मुरलेल्या पिंपांकडे. पूर्वी शेरी पिंपातूनच जहाजानं ब्रिटनला यायची आणि रिकामी पिंपं इथेच राहायची. १९८० च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद व्हायला लागली आणि तो झरा आटला. "या बाटलीतली चाळीस वर्षं म्हणजे १९७९ च्या अलीकडची नाही," आजोबा म्हणाले. "त्या वेळी जी लाकडं यायची ती तशी पुन्हा आली नाहीत. यातलं एखादं माझ्या हातोड्याखालून गेलं असेल, कुणास ठाऊक."

मी हिशेब केला. ती पिंपं भरली तेव्हा मी सांगलीजवळच्या त्या घरात पाटीवर ग म भ न गिरवत होते.

टायमरची अठरा मिनिटं उरली होती तेव्हा मी त्यांना काकांबद्दल सांगितलं. अकरा वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

आमच्या घरात दारू हा शब्द मोठ्यानं उच्चारला जात नसे. बाबांचे धाकटे भाऊ हातभट्टीची प्यायचे. शर्टाच्या कॉलरला, अंथरुणाला, त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवलेल्या हाताला तो वास असायचा. मी नववीत असताना ते गेले. अडतीस वर्षांचे होते. दारूला वास असतो हे मी फार लवकर शिकले. तिला चव असते हे चाळिशी उलटल्यावर, याच टेबलाशी. आणि मला खोटं बोलायचं नाही. ग्लासातलं हे जे काही थोर आहे, ते आणि काकांना ज्यानं संपवलं ते, दोन्हीतलं अल्कोहोल एकच आहे. फळ्यावर दोन्हींचं सूत्र एकच लिहावं लागतं. मी वर्षातून दोन-तीनदा, दोन चमचे घेते आणि प्रत्येक वेळी काका आठवतात. आठवावेत असंच मला वाटतं.

आजोबा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी इथलं सांगितलं. पूर्वी डिस्टिलरीत कामगारांना दिवसातून दोन-तीनदा मालकाकडूनच ग्लास भरून मिळायचा, सकाळी कामावर आल्या आल्याही, आणि तोही कोऱ्या, न मुरलेल्या दारूचा. शिवाय विजारीच्या पायात लपवून न्यायला तांब्याची बंद नळी असायची. सगळे कुत्रा म्हणायचे तिला, कारण ती सतत पायाशी असते. "लोक याच्या गमतीजमती सांगतात," ते म्हणाले, "पण माझ्याबरोबर उमेदवारीला लागलेल्या चौघांपैकी दोघं पन्नाशी बघू शकले नाहीत." एवढंच बोलून त्यांनी टायमरकडे पाहिलं.

टायमर वाजला. बशा काढल्या.

रंग आधी. दिव्यासमोर धरलं तर काकवी. गुऱ्हाळात कढईच्या कडेला ओघळलेली, उजेड आरपार जाऊ देणारी काकवी. कडेनं फिरवली तर काचेवर जाड थेंब धरले आणि ते घाईनं उतरेनात.

वास घेताना नाक आत खुपसायचं नाही, ओठ किंचित उघडे ठेवायचे, हे आजोबांनी मला शिकवलेलं. पहिल्यांदा काळ्या मनुका आल्या, खारीक आली, मग संत्र्याची वाळलेली साल. दुसऱ्यांदा गेले तर ती फळं बाजूला झाली होती आणि आतून अक्रोड, थोडं जायफळ, आणि जुन्या शिसवी कपाटाचा खण उघडल्यावर येतो तो वास. तिसऱ्यांदा जे आलं त्याला माझ्याकडे नेमका शब्द नव्हता. इथले जाणकार त्याला रान्सियो म्हणतात. फार जुन्या दारूतच येणारा, ओल्या पाचोळ्याच्या, अळंब्यांच्या, मेणाच्या जवळ जाणारा वास. मला तो आजोळच्या ओसरीवरच्या पानाच्या डब्यासारखा वाटला. सुपारी, कात, चुना, तपकीर, पितळ, आणि त्या सगळ्यांना एकमेकांची वर्षानुवर्षांची सवय.

घोट अगदी लहान घेतला. जोर होता, पण जाळ नाही. जिभेवर आधी गोडी पसरली, गुळाची, जळक्या साखरेची. मग मधोमध एकदम कडू, जसं गडद चॉकलेट असतं तसं. आणि मग दोन्ही गालांच्या आतून ओढून घेणारा तुरटपणा. हे लाकूड. चाळीस वर्षांचं लाकूड बोलत होतं आणि क्षणभर मला वाटलं, आता ते सगळ्यांवर चढून बसणार. तसं झालं नाही. गिळल्यावर थोडं थांबले, आणि आवळा खाऊन पाणी प्यायल्यावर जी गोडी घशाच्या मागून वर येते, ती आली. आली आणि राहिली. मी घड्याळाकडे पाहिलं नाही, पण आजोबांनी उठून शेकोटीत दोन लाकडं सारली, पडदा ओढला, परत येऊन बसले, तरी ती होतीच.

चमच्यानं एक थेंब पाणी घातलं तेव्हा वास पुन्हा बदलला. यामागे काय असतं ते २०१७ मध्ये स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी संगणकावर रेणूंच्या हालचाली मांडून दाखवलं आहे. पाणी वाढलं की अल्कोहोलबरोबर ग्वायकॉलसारखे सुवासाचे रेणू पृष्ठभागाकडे येतात. मी ते वर्गात सांगते आणि मुलं मान डोलावतात. त्या संध्याकाळी मात्र त्या एका थेंबानंतर ग्लासातून ओल्या मातीचा वास आला. मृगाचा म्हणणार नाही. वळवाचा.

आजोबांनी अजून तोंडाला लावली नव्हती. ते नुसते हुंगत होते. "पहिला घोट घेतला की दुसरा येतो, मग संपतं," ते म्हणाले. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि चेहऱ्यावर जे होतं ते मी या आधी फक्त फळीवरून बरणी उतरवणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर पाहिलेलं.

अशा व्हिस्कीबद्दल बोलताना सगळे वर्षं मोजतात. चाळीस म्हणजे बारापेक्षा भारी, साठ म्हणजे त्याहून भारी. मला आजोबांच्या सहवासात हे हळूहळू कळत गेलं की नुसती वर्षं काहीच करत नाहीत. पिंप विसरून गेलं तर ते बिघडतंच. स्कॉटलंडमध्ये वर्षाला सुमारे दोन टक्के दारू उडून जाते. देवदूतांचा वाटा म्हणतात त्याला इथे. आपण ताटाभोवती चित्राहुती घालतो तशी, पण ही न विचारता घेतलेली. पाचशे लिटरचं पिंप चाळीस वर्षांनी हिशेबानं सव्वादोनशे लिटरच्या आत येतं. इथल्या दमट गार हवेत पाण्याआधी अल्कोहोल उडतं, त्यामुळे जोरही उतरत जातो, आणि चाळीस टक्क्यांच्या खाली गेला की कायद्यानं तिला स्कॉच म्हणता येत नाही. शिवाय लाकूड घेतच राहिलं तर एक दिवस फळी चघळल्याची चव येते आणि मग मागे फिरता येत नाही. म्हणून बहुतेक पिंपं दहाव्या, बाराव्या, पंधराव्या वर्षी रिकामी करतात. तीच त्यांची वेळ असते.

जी चाळीस वर्षं पोहोचतात ती पोहोचवलेली असतात. काही वर्षांनी कुणीतरी कंदील किंवा टॉर्च घेऊन त्या गार अंधारात जातं, बूच उपटतं, व्हॅलिंच नावाच्या तांब्याच्या लांब नळीनं घोटभर काढतं, नाकाशी नेतं आणि ठरवतं. दर वेळी उत्तर 'आता' असं येऊ शकतं. आणि 'आता' म्हणणं सोपं, त्यात पैसे आहेत. या बाटलीमागे अशी कित्येक माणसं असतील, ज्यांनी आपापल्या पाळीत अजून नाही म्हटलं, बूच परत ठोकलं, आणि निवृत्त होऊन घरी गेली. त्यांच्यातल्या कितीकांनी ही चाखलीच नसेल.

इकडे एल्गिनच्या साउथ स्ट्रीटवर गॉर्डन अँड मॅकफेलचं व्हिस्कीचं दुकान आहे, १८९५ पासूनचं. मी शनिवारी तिथून भाजीची पिशवी घेऊन जाते. १९४० च्या फेब्रुवारीत, युद्ध सुरू होऊन पाच महिने झाले होते, तेव्हा त्या घरातल्या जॉन अर्कहार्ट आणि त्यांचा मुलगा जॉर्ज यांनी ग्लेनलिव्हेट डिस्टिलरीत एक पिंप भरून ठेवायला लावलं. ते बाटलीत आलं २०२० च्या फेब्रुवारीत, ऐंशी वर्षांनी, अडीचशे डिकँटर भरले. जोर तेव्हाही ४४.९ टक्के होता. पुढचं वर्ष कसं असेल हे ठाऊक नसलेल्या माणसानं नातवंडांच्या काळासाठी पिंप भरलं, आणि मधल्या कुणीही ते फोडलं नाही. मला हे त्या व्हिस्कीच्या किमतीहून मोठं वाटतं. लिलावांत अशा बाटल्यांना जे भाव येतात, २०२३ मध्ये मॅकॅलन डिस्टिलरीच्या १९२६ सालच्या एका बाटलीला सुमारे २२ लाख पौंड आले, त्यांनी मला वाईटच वाटतं. ती बाटली कुणी उघडणार नाही. साठ वर्षं जे लाकडात कुणाच्या तरी जिभेसाठी मुरलं, ते आता काचेत कायमचं बसून राहील.

बेंगळुरूत हेच फार वेगळ्या गतीनं घडतं. अमृत डिस्टिलरीत पिंपातून वर्षाला दहा टक्क्यांच्या आसपास, कधी जास्तच, उडून जाते. जगदाळे घराण्याची ही डिस्टिलरी. आडनाव वाचून मराठी माणूस थबकतोच. २०१३ मध्ये त्यांनी आठ वर्षांची एक व्हिस्की काढली, नावच ग्रीडी एंजल्स, हावरे देवदूत. मी आजोबांच्या टेबलावर पाकिटाच्या पाठीवर आकडेमोड करून दाखवली. दर वर्षी दहा टक्के गेले तर आठ वर्षांनी जेवढं उरतं, जवळजवळ तेवढंच दोन टक्क्यांनी चाळीस वर्षांनी उरतं. आजोबांनी तो कागद चष्म्याजवळ नेला. "म्हणजे तुमच्याकडचा आठ वर्षांचा पोरगा आणि माझा हा म्हातारा एकाच जागी पोहोचले." मग थोडं थांबून, "नाही. झीज तेवढीच झाली. मुरणं तेवढंच झालं असं नाही." त्यांनी 'मुरणं' मराठीतच म्हटलं. गरम देशात लाकूड लवकर देतं, पण हवेबरोबरच्या ज्या संथ क्रिया असतात त्यांना उन्हानं पुरती घाई करता येत नाही, एवढं रसायनशास्त्र त्यांना माझ्यापेक्षा पंचेचाळीस वर्षं जास्त ठाऊक आहे.

त्यांनी अखेर घोट घेतला. काही बोलले नाहीत. ग्लास खाली ठेवला आणि चपट्या अंगठ्यानं टेबलाची कड चाचपत बसले, फळीचा सांधा बघावा तशी.

निघताना मी रिकामा ग्लास मागून घेतला. इथली माणसं तो धूत नाहीत, सकाळी पुन्हा हुंगतात. तळाला सुकलेल्या थराचा वास कधी कधी भरल्या ग्लासाहून खरा असतो. मी कोट चढवत होते तेवढ्यात आजोबा स्वयंपाकघराच्या दक्षिणेकडच्या खिडकीपाशी गेले आणि पडद्यामागून एक बरणी घेऊन आले.

माझीच. नऊ वर्षांपूर्वीची. आतलं लिंबू काळपट तांबडं झालं होतं. झाकणावरच्या माझ्या तारखेखाली पेन्सिलीनं, पिंपांवर खडूनं लिहितात तशा उभ्या ओळीत वर्षं लिहिलेली होती, २०१६ पासून पुढे. प्रत्येक वर्षासमोर एकच शब्द, नो. एक तुकडाही खाल्लेला नव्हता. दर वर्षी हिवाळ्यात उघडून, हुंगून, पुन्हा झाकून ठेवली होती.

"मला हे लाकूड कळत नाही," ते म्हणाले. "तू सांग."

मी हात पुसले. झाकण फिरवलं, नाक जवळ नेलं, डोळे मिटले. साखर आणि मीठ एक झाले होते. रस दाट होता, वास गोड, खोल, बराचसा आजीच्या वाटेवर आलेला. पण मागे, अगदी मागे, सालीचा कडवटपणा अजून वेगळा उभा होता. मिसळला नव्हता. मी आजोबांकडे पाहिलं. पंच्याऐंशी वर्षांचा माणूस, सुतारानं ओळंब्याकडे बघावं तसा माझ्याकडे बघत होता. त्यांना खरं उत्तर हवं होतं.

"अजून नाही," मी म्हणाले. "आणखी तीन वर्षं तरी."

त्यांनी मान डोलावली. खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला, टोक जिभेला लावून ओलं केलं, झाकणावर वर्ष लिहिलं, त्यापुढे नो लिहिलं, आणि बरणी परत खिडकीत ठेवून पडदा ओढून घेतला.